रेशमाचे डॉक्टर : लुई पाश्चर

लुई पाश्चर म्हटलं की आपल्याला दोनच गोष्टी आठवतात, पाश्चराईज्ड दूध आणि पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावरची लस. पण दिवाळीला कपाटातून निघणाऱ्या रेशमी पैठणीशीही त्यांचं नातं आहे. मी पडलो कॉम्प्युटरवाला, तरी मला पाश्चर आवडतात ते त्यांच्या रेशमावरच्या कामामुळे.

जन्म २७ डिसेंबर १८२२, फ्रान्समधलं डोल गाव. वडिलांचा धंदा कातडी कमावण्याचा, मुलगा झाला रसायनशास्त्रज्ञ. १८६५ मध्ये त्यांचे गुरू ड्युमा यांनी त्यांना दक्षिणेकडच्या आलेसला धाडलं. तिथली रेशीमशेती बुडत चालली होती. देशात १८५३ साली २६ हजार टन कोश निघाले होते, ते आता ४ हजार टनांवर आले होते. अळ्यांच्या अंगावर मिरपूड भुरभुरल्यासारखे ठिपके पडत, म्हणून रोगाचं नाव पेब्रीन. आणि पाश्चरना रेशीमकिड्यांची काडीचीही माहिती नव्हती! कीटकतज्ज्ञ फाब्र यांच्याकडे गेले, तेव्हा कोश कानाशी हलवून आत काय आहे असं त्यांनी विचारलं होतं.

रोगी किड्यांत मायक्रोस्कोपखाली बारीक चकचकीत कण दिसत. हे कण रोगाचं कारण नसून नुसतं लक्षण आहे, असं पाश्चर आधी मानत होते. प्रयोग उलटं सांगू लागले तेव्हा त्यांनी आपलं मत बदललं. रोग परजीवीचा होता, आणि तो आईकडून अंड्यात उतरत होता. मग उपाय सरळ होता. प्रत्येक मादी पतंगाची अंडी वेगळी ठेवायची, नंतर ती मादी खलात पाण्याबरोबर कुटून तपासायची. कण दिसले की तिची अंडी जाळून टाकायची.

हे सगळं चालू असताना घरावर काय काय कोसळलं! १८६५ मध्ये वडील गेले, दोन वर्षांची कामिय गेली. १८६६ मध्ये बारा वर्षांची सेसिल टायफॉईडने गेली. १८६८ मध्ये अर्धांगवायूने पाश्चर यांची डावी बाजू लुळी पडली. तरी काही महिन्यांतच ते पुन्हा किड्यांपाशी हजर! पत्नी मारी आणि मुलगी अळ्यांची निगा राखायला मदत करत. १८७० मध्ये या कामावरचा त्यांचा ग्रंथ निघाला. २८ सप्टेंबर १८९५ ला ते गेले.

आज प्रयोगशाळेत पीसीआर करून याच परजीवीचा डीएनए शोधता येतो, मायक्रोस्कोपला कण दिसण्याआधीसुद्धा. पण भारतातल्या अंडीपुंज केंद्रांत मादी कुटून तपासायची पाश्चर यांची पद्धत अजून चालू आहे. जालना-बीडकडचा शेतकरी तुतीची बाग लावतो आणि अंडीपुंज विकत आणतो, तो याच तपासणीच्या भरवशावर. रोगट अंडी आली तर पाला आणि मेहनत दोन्ही फुकट. आमच्या धंद्यात म्हणतात, चूक उगमापाशी पकडली तर स्वस्तात सुटते. पाश्चर यांनी ते दीडशे वर्षांपूर्वी करून दाखवलं होतं. तेव्हा मंडळी, यंदा लक्ष्मीपूजनाला रेशीम नेसाल, तेव्हा या फ्रेंच आजोबांनाही मनातल्या मनात एक नमस्कार करा.