प्रलयानंतरचे ग्रंथालय

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील जॉन्सटाउन या पोलादनगरीत विटांची एक तीन मजली जुनी वास्तू आहे. आज तेथे महापुराचे संग्रहालय आहे. तत्पूर्वी सुमारे ८० वर्षे ती गावाचे सार्वजनिक ग्रंथालय होती. ही वास्तू बांधून देणारे अँड्र्यू कार्नेगी जगभर ग्रंथालयांचे दाते म्हणून ओळखले जातात. त्यांच्या पैशातून अडीच हजारांहून अधिक ग्रंथालये उभी राहिली. जॉन्सटाउनच्या ग्रंथालयाची कथा मात्र या सर्वांपेक्षा वेगळी आहे. ज्या प्रलयात गावाचे जुने ग्रंथालय वाहून गेले, त्या प्रलयाशी दात्याचाही संबंध होता.

कार्नेगी यांचा जन्म २५ नोव्हेंबर १८३५ रोजी स्कॉटलंडमधील डनफर्मलिन येथे एका विणकराच्या घरी झाला. वाफेवरचे माग आले आणि हातमागावर पोट भरणारी कुटुंबे देशोधडीला लागली. वडिलांचे माग थंडावले, आईने जोडे शिवून संसार रेटला. अखेर १८४८ मध्ये हे कुटुंब कर्जाऊ पैशांवर अमेरिकेत आले आणि पिट्सबर्गलगतच्या अलेघेनी गावात राहू लागले. तेरा वर्षांचा अँड्र्यू आठवड्याला एक डॉलर वीस सेंट मजुरीवर सूतगिरणीत जाऊ लागला. पुढे तो तारघरात तारा पोहोचविणारा पोऱ्या झाला.

शाळा सुटली होती. पुस्तके विकत घेण्याची ऐपत नव्हती. त्या काळी कर्नल जेम्स अँडरसन हे गृहस्थ आपल्या संग्रहातील सुमारे ४०० पुस्तके दर शनिवारी कामकरी मुलांना वाचावयास देत. अँड्र्यूचे खरे शिक्षण तेथे झाले. पुढे या संग्रहाचे ग्रंथालय झाले आणि व्यवस्थापकांनी उमेदवारी करणाऱ्या कारागीर मुलांखेरीज इतरांना वार्षिक दोन डॉलर वर्गणी लावली. तारघरातील पोऱ्यांना ती परवडणारी नव्हती. अँड्र्यूने वृत्तपत्राला पत्र लिहून या अन्यायाला वाचा फोडली. व्यवस्थापकांना माघार घ्यावी लागली. गरिबाच्या मुलाला ग्रंथालयाचे दार उघडे असले पाहिजे, ही जाणीव त्यांनी जन्मभर जपली.

रेल्वेतील नोकरी, चतुर गुंतवणूक आणि मग पोलादाचे कारखाने या मार्गाने कार्नेगी अमेरिकेतील अग्रगण्य धनिकांच्या पंक्तीत जाऊन बसले. श्रीमंताने हयातीतच आपली संपत्ती लोकांच्या हितासाठी खर्च करावी, असा विचार मांडणारा त्यांचा गाजलेला निबंध जून १८८९ मध्ये प्रसिद्ध झाला. विलक्षण योगायोग असा, की जॉन्सटाउनचा प्रलयही त्याच सुमाराचा, ३१ मे १८८९ चा.

गावापासून सुमारे २२ किलोमीटरवर, डोंगरात, मातीचे एक जुने धरण होते. पूर्वी कालव्याला पाणी पुरविण्यासाठी बांधलेले हे धरण १८७९ मध्ये पिट्सबर्गच्या धनिकांच्या एका क्लबाने मासेमारी व विहारासाठी घेतले. कार्नेगी या क्लबाचे सभासद होते. पाणी सोडण्याचे तळाचे नळ आधीच्या मालकाने काढून विकले होते; ते पुन्हा बसविले गेले नाहीत. धरणाचा माथा खाली आणला गेला आणि मासे निसटू नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या लावल्या गेल्या. त्या दिवशी मुसळधार पावसाने जलाशय भरला, जाळ्यांत कचरा अडकला आणि दुपारी धरण फुटले. सुमारे दोन कोटी टन पाणी दरीतून धावत निघाले व तासाभरात जॉन्सटाउनवर कोसळले. अवघ्या दहा मिनिटांत गावाचा मोठा भाग नाहीसा झाला. २,२०९ माणसे मृत्युमुखी पडली. ९९ कुटुंबांत मागे कोणीही उरले नाही. पानशेतचा प्रलय पाहिलेल्या पुणेकरांना या दृश्याची कल्पना सहज करता येईल.

देशभरातून व परदेशांतून सदतीस लाख डॉलरहून अधिक मदत आली. क्लारा बार्टन यांचे रेडक्रॉस पथक पाच महिने गावात राबले. कार्नेगी त्या वेळी युरोपात होते. त्यांच्या कंपनीने दहा हजार डॉलर दिले, क्लबाने हजार घोंगड्या पाठविल्या. पीडितांनी क्लबाविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. परंतु नुकसानभरपाई म्हणून एक दमडीही कोणाच्या हाती पडली नाही. कायद्याच्या दृष्टीने ती दैवी आपत्ती ठरली.

गावातले जुने ग्रंथालय कॅम्ब्रिया आयर्न कंपनीने उभारलेले होते आणि ही कंपनी पोलादधंद्यात कार्नेगींची प्रतिस्पर्धी होती. पुढे कार्नेगी स्वतः जॉन्सटाउनला आले आणि हे ग्रंथालय पुन्हा बांधून देण्याचे त्यांनी कबूल केले. १८९०-९१ मध्ये नवी वास्तू उभी राहिली. तिच्या वरच्या मजल्यावर व्यायामशाळाही होती. अन्न, घोंगडी आणि छप्पर यांची निकड भागल्यावर माणसाला आणखी काही लागते. घरच उरले नाही अशा कितीतरी जणांना दिवसभराच्या कामानंतर बसण्यासाठी उजेडाची, ऊबदार आणि सर्वांची अशी एक जागा हवी असते. गिरण्या आणि रेल्वे सुरू झाल्याने गाव कामाला लागते. पण ते पुन्हा गाव होते ते अशा जागांमुळे. जॉन्सटाउनला ही जागा दोन वर्षांत परत मिळाली, हे श्रेय कार्नेगींना दिलेच पाहिजे.

तथापि दात्याचे चरित्र एवढ्यावर संपत नाही. १८९२ मध्ये त्यांच्या होमस्टेड येथील कारखान्यात मजुरीवरून संघर्ष पेटला. कार्नेगी स्कॉटलंडमध्ये होते. सूत्रे हेन्री क्ले फ्रिक यांच्या हाती होती. हे फ्रिकही त्याच क्लबाचे सभासद. खासगी सशस्त्र शिपाई आणले गेले, गोळीबार झाला, दोन्ही बाजूंची माणसे मेली आणि कामगारांची संघटना मोडून पडली. पुढे होमस्टेडलाही त्यांनी ग्रंथालय दिले. बारा तास भट्टीसमोर उभ्या राहणाऱ्या कामगाराने ते कधी वापरावे, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. काही गावांनी त्यांचा पैसा नाकारला.

१९०१ मध्ये सुमारे ४८ कोटी डॉलरला कंपनी विकून कार्नेगींनी उर्वरित आयुष्य दानधर्मात घालविले. ग्रंथालयाची इमारत ते देत. जागा गावाने द्यायची आणि दरवर्षी देणगीच्या एक दशांश रक्कम गावानेच खर्चासाठी मंजूर करायची, अशी त्यांची सर्वसाधारण अट असे. त्यामुळे ग्रंथालय गावाची जबाबदारी बने. ११ ऑगस्ट १९१९ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा संपत्तीचा सुमारे नऊ दशांश भाग वाटून झाला होता.

जॉन्सटाउनमध्ये १९३६ व १९७७ मध्ये पुन्हा महापूर आले. कार्नेगींनी दिलेली वास्तू त्यांतूनही टिकली. ग्रंथालय नव्या जागी गेल्यावर १९७३ मध्ये तेथे संग्रहालय सुरू झाले. धरणाच्या डागडुजीतील हयगय एका इमारतीने भरून निघत नाही. २,२०९ जिवांचा हिशेब कोणत्याही देणगीत बसत नाही. पण ज्या गावाला न्यायालयाने रिकाम्या हाती परत पाठविले, त्या गावाच्या तीन पिढ्या या छपराखाली वाचत बसल्या. आता त्याच छपराखाली धरण का फुटले, हे येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगितले जाते.