हेन्रिएटा किंग : कर्जातून सोडवलेली कुरणे

कॅप्टन रिचर्ड किंग एप्रिल १८८५ मध्ये निवर्तले, तेव्हा दक्षिण टेक्सासमधील त्यांच्या किंग रँच या गुरांच्या विस्तीर्ण मळ्यावर सुमारे पाच लाख डॉलरचे कर्ज होते. पाच लाखांहून अधिक एकर जमीन आणि हे कर्ज, दोन्ही पत्नी हेन्रिएटा यांच्या वाट्याला आले. जमीन विकून मोकळे होण्याचा मार्ग त्यांनी पत्करला नाही.

हेन्रिएटा यांचा जन्म १८३२ मध्ये मिसुरीत, एका प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशकाच्या घरी झाला. १८५४ च्या अखेरीस विवाह होऊन त्या सांता गर्ट्रूडिस ओढ्याकाठच्या कुडाच्या घरात आल्या. त्याआधीच किंग यांनी दुष्काळाने गांजलेल्या एका मेक्सिकन गावाची गुरे विकत घेऊन गावकऱ्यांनाही कामावर आणले होते. ‘किनेन्योस’ म्हणून ओळखली जाणारी ही कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या तेथे राबली. रँचच्या यशात त्यांचा वाटा मोठा, जमिनीत मात्र नव्हता.

हेन्रिएटा यांनी कारभार रॉबर्ट क्लेबर्ग यांच्याकडे सोपवला. पुढे ते त्यांचे जावई झाले. मालकी मात्र अखेरपर्यंत त्यांचीच राहिली. दुष्काळात कुरणे करपली, तरी कर्ज फिटत गेले. १८९९ मध्ये खोल विंधणातून पाणी आपसूक उसळले आणि रँचचे चित्रच पालटले. १९०४ मध्ये रेल्वे आली, किंग्जव्हिल शहर वसले. तेथील चर्च आणि शाळेसाठीही त्यांनी हात सैल सोडला.

३१ मार्च १९२५ रोजी, वयाच्या ९२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. अंत्यविधीला सुमारे दोनशे गुराखी घोड्यांवरून आले. हॅट उतरवून त्यांनी त्यांच्या थडग्याभोवती घोड्यांवरूनच प्रदक्षिणा घातली.