पटकीचे विष शोधणारे डॉ. शंभूनाथ डे

पटकी हा शब्द आजच्या तरुण वाचकांस कदाचित परका वाटेल. आपल्या पणजोबांच्या काळी मात्र पंढरीच्या वारीत अथवा एखाद्या जत्रेत ही साथ शिरली की लोकांच्या तोंडचे पाणी पळत असे. सकाळी धडधाकट असलेला मनुष्य सायंकाळपर्यंत निष्प्राण होई. बंगालमध्ये तर हा रोग जणू घर करूनच बसला होता. १८८४ साली जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यातच त्याच्या जंतूची खात्री पटविली. हा जंतू काही विष निर्माण करीत असावा, असा तर्कही त्यांनी केला. परंतु ते विष पुढील पाऊणशे वर्षे कोणासही दाखविता आले नाही.

ते ज्यांनी दाखविले त्या शंभूनाथ डे यांचा जन्म १ फेब्रुवारी १९१५ रोजी हुगळी जिल्ह्यातील गरीबाटी या खेड्यात झाला. वडिलांचा व्यापार लहानसा. शिक्षणाला काकांचा आधार. शिष्यवृत्ती मिळवीत ते कलकत्ता मेडिकल कॉलेजात पोहोचले व १९३९ साली डॉक्टर झाले. पुढे लंडनमध्ये सर रॉय कॅमेरॉन यांच्या हाताखाली संशोधन करून १९४९ साली पीएच.डी. घेऊन ते परतले आणि पटकीच्या अभ्यासास लागले.

त्या काळचे बहुतेक संशोधक पटकीचे विष जंतूच्या शरीरातच दडलेले असते, असे मानून प्राण्यांच्या रक्तात वा उदरपोकळीत जंतू टोचून पाहात. डे यांनी अगदी साधा प्रश्न केला. रोग जर आतड्यात होतो, तर शोध आतड्यातच का घेऊ नये? त्यांनी सशाच्या लहान आतड्याचा एक तुकडा दोन्ही टोकांस दोऱ्याने बांधला आणि त्या बंद पोकळीत जंतू सोडले. दुसऱ्या दिवशी तो भाग पाण्याने टच्च फुगला होता, व ते पाणी पटकीच्या रोग्याच्या पेजेसारख्या जुलाबाशी मिळतेजुळते होते. ज्या बांधलेल्या भागात जंतू सोडले नव्हते, तो तसाच राहिला. हा प्रयोग १९५३ साली प्रसिद्ध झाला. दोरा, ससा आणि विचार करणारे डोके, एवढ्यावर हे काम झाले! १९५६ साली त्यांनी याच रीतीने दाखवून दिले की, जुलाबाच्या रोग्यांत सापडणारे ई. कोलाय जंतूंचे काही प्रकारही हेच करतात.

तरीही जंतू व विष यांची फारकत व्हावयाची होती. डे यांनी जंतू वाढविलेला द्रव गाळून पूर्णपणे जंतुरहित केला आणि तो आतड्यात सोडला. आतडे पुन्हा फुगले. जंतू बाहेर विष सोडतो हे सिद्ध झाले. हा निबंध १९५९ साली ‘नेचर’ नियतकालिकात आला.

यामुळे काय साधले? विषामुळे आतड्यातून पाणी व क्षार पाझरतात, आतड्याचे अस्तर मात्र शाबूत राहते, हे क्रमाने उमगत गेले. अस्तर शाबूत असेल, तर साखर-मिठाचे पाणी पाजून गेलेले पाणी भरून काढता येते. १९७१ साली पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच केले. शेकडा तीसच्या घरातील मृत्यूचे प्रमाण तेथे शेकडा चारच्याही खाली आले.

विष शुद्ध स्वरूपात वेगळे करण्याचा डे यांनीही यत्न केला. परंतु त्यासाठी लागणारी साधने कलकत्त्यात त्यांच्या हाती नव्हती. ते कार्य १९६९ साली अमेरिकेत तडीस गेले. १९७३ साली ते मेडिकल कॉलेजातून निवृत्त झाले तेव्हा स्वदेशात त्यांची कोणी विशेष दखल घेतली नव्हती. भारतातील एकाही विज्ञान अकादमीने त्यांस सदस्यत्व दिले नाही, ही गोष्ट लिहिताना लेखणी अडखळते. १९७८ साली नोबेल प्रतिष्ठानने पटकीवरील परिसंवादासाठी त्यांना स्टॉकहोमला सन्मानाने बोलाविले. तेथे त्यांनी आपली गणना विस्मृतीत गाडल्या गेलेल्यांत केली, यात नवल ते काय? नोबेल विजेते जोशुआ लेडरबर्ग यांनी तर नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव सुचविले होते. ते पारितोषिक काही मिळाले नाही.

१५ एप्रिल १९८५ रोजी डे यांचे निधन झाले. ‘करंट सायन्स’ या भारतीय नियतकालिकाने त्यांच्या कार्यावर विशेषांक काढला, तो १९९० साली.