कवट्या मोजणाऱ्या विदुषी : इरावती कर्वे

शिरूर तालुक्यातील इनामगावचे उत्खनन करणाऱ्या डेक्कन कॉलेजात इरावतीबाई १९३९ साली रुजू झाल्या. जन्म १९०५ सालचा, ब्रह्मदेशातला. बर्लिनमध्ये त्यांचे गुरू ऑयगेन फिशर यांना गोऱ्यांची बुद्धिश्रेष्ठता कवटीच्या ठेवणीतून सिद्ध व्हायला हवी होती. बाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि असा संबंध नाही, हा निष्कर्ष गुरूंपुढेच ठेवला. परक्या मुलखात, पदवी त्यांच्याच हाती असताना! हे धैर्य आम्हांस मोठे वाटते.

जात म्हणजे वंश नव्हे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली मांडलेच होते. १९६८ साली इरावतीबाई व मल्होत्रा यांनी महाराष्ट्रातील आठ ब्राह्मण पोटजातींची शारीरिक लक्षणे ताडून पाहिली. सारे एका रक्ताचे, हा समज तेथे टिकला नाही. बेटीबंदीमुळे प्रत्येक गटाचे आनुवंशिक गुण त्याच्यातच फिरत राहिले होते. ११ ऑगस्ट १९७० रोजी इरावतीबाई निवर्तल्या.