संख्यांचे सोयरे : कै. द. रा. कापरेकर

गणितातील नवे संशोधन विद्यापीठांतच होते, असा सर्वसाधारण समज आहे. त्यास अपवाद ठरलेल्या एका शाळामास्तरांचे अल्पचरित्र वाचकांपुढे ठेवताना आम्हांस समाधान वाटते.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. मातृछत्र बालपणीच हरपले. कारकून असलेल्या वडिलांना ज्योतिषाची आवड होती. आकडेमोडीची गोडी मुलास घरातच लागली. ठाण्यात शालेय शिक्षण घेऊन ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गेले. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले व १९२९ साली ते पदवीधर झाले. पुढे १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षे त्यांनी देवळालीस शिक्षकी केली.

मुंबईपासून तीस मैलांवरील डेमलो स्थानकावर त्यांना काही संख्यांचा एक विशेष सुचला, म्हणून त्यांनी त्यांना ‘डेमलो’ हेच नाव दिले. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१. याच क्रमाने नऊ वेळा एक लिहून वर्ग केला असता १२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या येते. ती उजवीकडून वाचा वा डावीकडून, सारखीच. तिच्या अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने तिला निःशेष भाग जातो. अशा, स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भागल्या जाणाऱ्या संख्यांना कापरेकरांनी ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणाऱ्या, म्हटले. एकाच संख्येला अशी दोन कुळे लाभली.

१९४६ साली त्यांना ६१७४ चे रहस्य गवसले. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून मोठीतून लहान वजा करावी व आलेल्या उत्तरावर तीच क्रिया करावी. फार तर सात पायऱ्यांत ६१७४ येते. त्यांचेच जन्मवर्ष घेतले, तर १९०५ पासून ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि अखेर ६१७४!

१९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी हा शोध मांडला. परंतु हा केवळ अंकांचा खेळ, असे म्हणून अनेक पंडितांनी त्यांच्या कार्याकडे दुर्लक्ष केले. कापरेकर पदरमोड करून पुस्तिका छापीत राहिले. निवृत्तिवेतन अपुरे पडे, म्हणून शिकवण्याही कराव्या लागल्या. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात त्यांच्यावर लिहिले आणि त्यांचे नाव जगभर गेले. १९८६ साली ते निवर्तले.

या संख्यांचा व्यवहारात उपयोग काय, असे कोणी विचारील. ज्ञानाचा आनंद हाही एक उपयोगच आहे, असे आमचे नम्र मत आहे. आज परदेशी ग्रंथांतही ‘हर्षद’ हाच शब्द रूढ आहे. परप्रांती वाढणाऱ्या आपल्या मुलांना तो भेटेल, तेव्हा त्यामागील देवळालीच्या मास्तरांची ओळख त्यांस असावी, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.