बोसांनी झाडातली वीज मोजली, लंडनने निबंध कपाटात ठेवला

पावसाळ्याआधी कुर्ल्यात रस्त्याकडेच्या फांद्या छाटल्या जातात, तेव्हा एक कच्चा, हिरवा वास सुटतो. तो वास म्हणजे जखमी झाडाने हवेत सोडलेली रसायनं. पण जखमेची खबर झाडात पसरते कशी? या प्रश्नाच्या मागे सव्वाशे वर्षांपूर्वी जगदीशचंद्र बोस लागले होते.

जन्म १८५८ चा, आजच्या बांगलादेशातला. वडील सरकारी अधिकारी, तरी मुलाला घातलं बंगाली शाळेत. केंब्रिजहून परतल्यावर कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात नोकरी लागली, पण पगार गोऱ्या प्राध्यापकांपेक्षा कमी. बोसांनी तीन वर्षं शिकवलं आणि पगाराला हातच लावला नाही. शेवटी सरकार नमलं, थकबाकीसकट पूर्ण पगार मिळाला.

आधी रेडिओ लहरी, मग वनस्पती. लाजाळूच कशाला, साध्या गाजरालाही डिवचलं की त्यात विजेचा संकेत उमटतो, असं त्यांच्या प्रयोगांत दिसलं. १९०१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीत त्यांनी हे मांडलं. तिथले बडे शरीरशास्त्रज्ञ बर्डन-सँडरसन यांना ते पटलं नाही. निबंध छापलाच गेला नाही.

बोसांनी मग पुस्तकं लिहिली आणि १९१७ मध्ये कलकत्त्यात स्वतःची संस्था काढली. १९२० मध्ये त्याच रॉयल सोसायटीने त्यांना फेलो केलं. त्याच वर्षी त्यांचं चरित्र आलं. लेखक पॅट्रिक गेडिस, तेव्हा मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक!

१९३७ मध्ये बोस गेले. झाडांना वेदना होतात हे त्यांनी सिद्ध केलं, असं व्हॉट्सॲपवर फिरतं. ते काही खरं नाही. त्यांनी मोजला तो प्रतिसाद, तोही विजेचा. वासाचा भाग नंतर उलगडला.

२०१३ मध्ये मोहरीच्या कुळातल्या एका रोपट्यावर दिसलं की, जखमी पानातून निघालेला विजेचा संकेत दुसऱ्या पानात पोचतो आणि तिथे जॅस्मोनेट हे संप्रेरक तयार होऊ लागतं. पाइन, स्प्रूससारख्या सूचिपर्णी झाडांतही किडे कुरतडू लागले की जॅस्मोनेट कामाला लागतं. मग टर्पीन नावाच्या वासाच्या रसायनांचं प्रमाण आणि मिश्रण बदलतं. टर्पेंटाइनचा उग्र वास याच टर्पीनचा. युरोपातल्या पाइनवर तर एका माशीने पान चिरून नुसती अंडी घातली तरी वास बदलतो आणि त्याचा माग काढत इवलीशी परजीवी गांधीलमाशी येते. ती आपली अंडी त्या अंड्यांतच घालते.