फादर थॉमस स्टीफन्स आणि माडाचे झाड

आपल्या जालना जिल्ह्यात माड विरळाच. येथील वाटसरूस आश्रय तो वडाचा, कडुनिंबाचा नाही तर चिंचेचा. तथापि मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या आद्य कवीस ज्या वृक्षाने मोहिनी घातली तो माडच होय; आणि ती केव्हा घातली, हे जाणण्याजोगे आहे.

फादर स्टीफन्स ह्यांचा जन्म सुमारे १५४९ साली इंग्लंडातील विल्टशर परगण्यात झाला. त्या काळी तेथे कॅथलिक धर्माचे आचरण संकटाचे झाले होते. १५७५ साली रोम येथे त्यांनी येशूसंघात प्रवेश केला व २४ ऑक्टोबर १५७९ रोजी ते गोव्यास उतरले. पुढील चाळीस वर्षांपैकी बहुतेक काळ त्यांनी साष्टी प्रांतात वेचला.

१५८३ च्या जुलैत कुंकळ्ळी गावी फादर रुदोल्फ आक्वाव्हिवा व त्यांचे चार येशूसंघीय सोबती मारले गेले. त्या गावची देवळे पोर्तुगीज सत्तेने आधी पाडली होती, आणि मागाहून गावच्या पुढाऱ्यांस दग्याने ठार केले. हे झाकून ठेवणे आपणांस शोभणार नाही. ह्या घटनेस तीन महिने होतात न होतात तोच स्टीफन्स ह्यांनी पॅरिस येथील आपले बंधू रिचर्ड ह्यांस पत्र लिहिले. त्यात ह्या हत्येची हकीकत आहे, आणि त्याच पत्रात माडाचे वर्णनही आहे! तेल, मद्य, गूळसाखर, शिर्का हे सारे हा एकच वृक्ष देतो. त्याच्या काथ्याचे दोर होतात, झावळ्यांनी झोपड्या शाकारतात, करवंटीचा कोळसा लोहाराच्या कामी येतो. शहाळ्याचे पाणी तर इतके की एकाने तहान भागावी.

सोबत्यांच्या रक्ताची वार्ता लिहिणाऱ्या हाताने हे लिहावे ह्याचे आम्हांस फार नवल वाटते. पत्रात ह्यावर प्रवचन नाही. आम्हांस मात्र सर्वांग देऊन टाकणारा हा वृक्ष पाहून क्रुसाच्या वृक्षाची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

पुढे १६१६ साली राशोल येथे त्यांचे क्रिस्तपुराण रोमन लिपीत छापून निघाले. तेव्हा आपल्याच जिल्ह्यातील जांब गावचे समर्थ रामदास आठ वर्षांचे होते. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या ह्या ग्रंथाचा आरंभीचा भाग सृष्टीच्या उत्पत्तीचा आहे. मराठीची थोरवी गातानाही ह्या परदेशी पाद्रीबाबांनी सृष्टीलाच हाक मारली: फुलांत मोगरी, सुगंधांत कस्तुरी, पक्ष्यांत मोर, वृक्षांत कल्पतरू. राजदरबारातील उपमा त्यांना सुचल्या नसत्या असे नाही. पण ज्या शेतकऱ्यांसाठी ते लिहीत होते त्यांच्या अंगणात मोगरी होती.

१६१९ साली ते गोव्यातच निवर्तले. त्यांच्या हयातीत छापलेल्या त्या ग्रंथाची एकही प्रत आज उपलब्ध नाही. भाविकांनी हाताने उतरून घेतलेल्या पोथ्यांवरून तो १९०७ साली मंगळूर येथे पुन्हा छापला गेला.